बर्मिंगहॅममध्ये आई जेवायला बसली

आमच्या खानावळीच्या दारावर मी खडूने लिहिलं, "पंधरा दिवस बंद." आईने ते वाचलं आणि खाली स्वतःच्या हाताने जोडलं, "जेवणाची सोय समोर केली आहे." बँकेतले दोघे, एक तलाठी, कोर्टातले चार कारकून आणि लॉजवर उतरणारे औषध कंपन्यांचे फिरते लोक, अशी तिची बांधलेली गिऱ्हाइकं. समोरच्या बाईंना प्रत्येकाची आवड सांगून झाल्यावरच तिने बार्शी सोडली.

मी बार्शीतच हायस्कूलला भूगोल शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी आणि दुसरी माझी धाकटी बहीण वैशाली. ती बर्मिंगहॅमच्या एका सरकारी रुग्णालयात नर्स आहे. आमची दोघांची शिक्षणं या खानावळीच्या शेगडीवर झाली, हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. सव्वीस वर्षं आई बाराला पहिली पंगत बसवते. शेवटची अडीचला उठते. मग तीनच्या सुमारास ओट्याला टेकून, उभ्यानेच, ती पातेल्याच्या तळाशी उरलेलं गार जेवण जेवते. "आधी बसले आन् शेवटच्याला कमी पडलं तर?" हे तिचं उत्तर ठरलेलं.

म्हणून या प्रवासात मी एकच गोष्ट मनाशी धरली होती. दुसऱ्या कोणीतरी वाढलेलं गरम ताट आईने सगळ्यांबरोबर बसून जेवायचं. एकदा तरी. बाकी इंग्लंड जेवढं दिसेल तेवढं दिसेल.

विमानातच पहिला प्रयत्न फसला. आमच्या रांगेत सगळ्यांना जेवण मिळालं की नाही हे ती मान वळवून बघत बसली, आणि तिने झाकण उघडलं तेव्हा भात थंड झाला होता. जेवून झाल्यावर तिने आमचे दोघांचे ट्रे एकात एक रचले. पलीकडचा प्रवासी परका होता, तरी त्याचाही उचलला.

वैशाली किंग्ज हीथ भागात राहते. लाल विटांची एकाला एक चिकटलेली घरं, प्रत्येकापुढे ओसरीएवढी बाग. मे महिना होता, पण आम्ही स्वेटर घालूनच फिरत होतो. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वैशालीला विचारलं, "इथं चांगलं जेवायला कुठं जायचं?"

"कसलं जेवण हवंय?"

"गरम," मी म्हणालो. मग तिला माझा बेत सांगितला.

ती हसली. "दादा, गुड लक. मागच्या वेळी ती आली होती ना, तेव्हा मी पिझ्झा मागवला तर तिने तो पण वाढला."

वैशालीने आधी बाल्टी सुचवली. बर्मिंगहॅमला येणाऱ्याने हा प्रकार चुकवू नये. बाल्टी (पातळ पोलादी कढईत मोठ्या आचेवर झटपट केलेला आणि त्याच कढईत समोर आणून ठेवलेला रस्सा) या शहरातच जन्मली असं इथले लोक अभिमानाने सांगतात. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. कढई उकळत येते.

स्पार्कब्रुक भागातलं एक साधं हॉटेल होतं, टेबलांवर काच आणि काचेखाली मेन्यू. वाढणारे गृहस्थ साठीचे, मूळचे काश्मीरकडच्या मीरपूरचे. त्यांनी चुरचुरणाऱ्या तीन कढया ठेवल्या आणि एक नान आणला. तो इतका मोठा की टेबलाच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबत होता. इथे सगळ्यांत मिळून एकच नान घेतात. झालं. आई उठून उभी राहिली आणि नानचे तुकडे करून आमच्यापुढे ठेवू लागली.

"बैठिए बहनजी," ते गृहस्थ म्हणाले. "आप मेहमान हैं."

"हां, हां. बैठती," आई म्हणाली. "तुमने खाना खाया क्या?"

"हम तो सब के बाद खाते हैं."

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. "बघ. धंद्यातला माणूस हाय."

ती बसली तेव्हा तिच्या कढईचा आवाज बंद झाला होता. तरीही तिने चव वाखाणली. आलं नंतर घातलंय, कांदा पुरा गळू दिलेला नाही, असं तिने नेमकं सांगितलं. वाचकांनी तिथे जरूर जावं. फक्त शनिवारी संध्याकाळी जाऊ नये, बाहेर रांग असते.

मग मी ठरवलं की जिथे वाढायला काही नसेल अशा ठिकाणी न्यायचं. शहराच्या पश्चिमेला ब्लॅक कंट्री नावाचा जुना कोळशाचा आणि लोखंडाचा मुलूख आहे. तिथे केशरी चिप्स मिळतात (बटाट्याच्या जाड फोडी केशरी रंगाच्या पिठात घोळवून तळतात). प्रत्येकाला आपापला कागदी पुडा. वैशालीची शिफ्ट होती, म्हणून आम्ही दोघेच बसने गेलो. वाटेत मी चुकून आईला एक थांबा आधीच उतरवलं आणि आम्ही रिमझिम पावसात अर्धा मैल चाललो.

"पीठ कसलं हाय, विचार," आई दुकानात म्हणाली.

मी विचारलं. तळणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, "ते मी माझ्या सुनेलाही सांगितलेलं नाही."

आईला हे उत्तर फार पसंत पडलं. आम्ही कालव्याकाठच्या बाकावर बसलो. रंगीत लांबट नावा बांधलेल्या होत्या, एका नावेच्या टपावर कुंड्या होत्या. माझा पुडा संपला तेव्हा आईचा तसाच बंद होता.

"खा की."

"वैशू ड्यूटीवरनं दमून येईल. तिला होतील."

संध्याकाळी त्या चिप्स वैशालीने आणि आईने वाटून खाल्ल्या, गार आणि लिबलिबीत. हँड्सवर्थच्या गुरुद्वाऱ्यातही आम्ही गेलो. तिथलं लंगर उत्तम असतं आणि कोणालाही खुलं असतं. पण तिथे आई पंगतीत बसलेली मी दोन मिनिटं पाहिली. नंतर ती दिसली ती आतल्या बायकांबरोबर पोळपाटावर. मी मनातून जवळजवळ हार मानली होती.

निघायच्या आधीच्या रविवारी वैशालीच्या शेजारणीने आम्हाला पबमध्ये दुपारच्या जेवणाला बोलावलं. मार्गरेट सत्तरीच्या आहेत. मोटारींच्या कारखान्याच्या कचेरीत होत्या, आता निवृत्त आहेत आणि थोरल्या भावाबरोबर, केनबरोबर, राहतात. पब म्हणजे दारूचं दुकान अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तिथे रविवारी दुपारी आजी-आजोबा, सुना, नातवंडं अशी कुटुंबंच्या कुटुंबं जेवत होती. ताट ठरलेलं: भाजलेलं मांस, भाजलेले बटाटे, गाजर-कोबी, यॉर्कशर पुडिंग (अंडं, दूध आणि मैद्याचा पोकळ फुगलेला, गोड नसलेला वडा) आणि वरून ग्रेव्ही (भाजलेल्या मांसाच्या रसाचा दाट रस्सा). जागा आधी सांगून ठेवावी लागते.

आम्ही तिघांनी कोंबडी सांगितली. ग्रेव्हीत गाईच्या मांसाचा रस असतो म्हणून वैशालीने आणि मी ती नको म्हटलं. आईच्या ताटात मात्र काही कमी नको, म्हणून वैशालीने तिच्यासाठी भाज्यांची वेगळी ग्रेव्ही करायला लावली.

चार ताटं आली. वाफा निघत होत्या. आईचं आलं नाही.

मी काटा उचलला होता. वैशालीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मार्गरेट आणि केन हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले होते.

"प्रार्थना करत्यात काय?" आईने हळूच विचारलं.

"नाही गं. तुझं ताट यायचंय."

"मग?"

"सगळ्यांचं आलं की सुरू करायचं. इथली पद्धत आहे."

आईने चारही ताटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे माझ्यापायी थांबलेत? सांग त्यांना, जेवा म्हणावं. मला न्हाई एवढी भूक."

वैशालीने सांगितलं. मार्गरेट म्हणाल्या, "आम्हाला कुठली गाडी गाठायचीय? येऊ दे त्यांचं."

"गार होतंय," आई मराठीतच केनला म्हणाली आणि त्यांच्या ताटाकडे बोट दाखवलं.

केनना ते बरोबर समजलं. "हिच्या हातचं चाळीस वर्षं गारच खातोय," ते बहिणीकडे मान करून म्हणाले. मार्गरेटनी त्यांना कोपराने ढोसलं.

पाच मिनिटं गेली असतील. मला ती फार मोठी वाटली. आईची नजर केनच्या ताटावर खिळली होती. तिथली वाफ विरळ होत गेली आणि शेवटी दिसेनाशी झाली. ती खुर्ची सरकवून उठू लागली.

"कुठं?" वैशालीने तिचं मनगट धरलं.

"आत नुसतं बघून येते. काय अडलंय त्यांचं."

"आई. बस."

ती बसली. मग ताट आलं. वाढणाऱ्या मुलीने उशिराबद्दल माफी मागून ते आईपुढे ठेवलं आणि आम्ही चौघेही आईकडे बघू लागलो. कोणीच काटा उचलला नाही. आपण घास घेतल्याशिवाय ही माणसं जेवणार नाहीत हे तिच्या लक्षात आलं. तिने काटा-चमचा बाजूला ठेवला, बटाटा हाताने फोडला, आतून वाफ आली, आणि तिने तो तसाच तोंडात टाकला. चटका बसला. तोंड उघडून तिने वारा घेतला, डोळ्यांत पाणी आलं, पण घास टाकला नाही. मार्गरेटनी मान डोलावली आणि काटा घेतला.

त्यानंतर ताट रिकामं होईपर्यंत तिची मान वर झाली नाही. भांडी गोळा करायला मुलगी आली तेव्हाही ती हात मांडीवर ठेवून बसून होती.

दारात मार्गरेट "टा-रा" (इकडचं "येते बरं का") म्हणाल्या. आईनेही तसंच म्हटलं.

आम्ही घराकडे चाललो होतो. "त्या म्हाताऱ्यानं गार खाल्लं," ती म्हणाली.

"त्यांना चालतं, आई."

"चालतं कसलं. मला ठाऊक हाय गार कसं लागतं." थोडं पुढे गेल्यावर ती थांबली. "महेश, माझी आमटी गरम कशी लागती रे?"

"चांगली लागते."

"चांगली म्हंजे कशी?"

मी लहानपणापासून ती आमटी गरम खात आलो आहे. शिकलो त्याच आमटीवर. तरी मी पुन्हा "चांगली" एवढंच म्हणालो.

बार्शीला परतल्यावर खानावळ उघडली त्या दिवशी आईने मला आणि मदतीला येणाऱ्या कमलमावशींना वाढायला सांगितलं आणि ती स्वतः पहिल्या पंगतीला बाकावर बसली, तलाठ्याच्या आणि बँकेतल्या जोशींच्या मधे. ते दोघे बिचकून सरकले. तिच्यासाठी थांबायचं मात्र कोणाला सुचलं नाही. पंधरा दिवस समोरचं जेवलेली ती माणसं, त्यांनी भाकऱ्या केव्हाच मोडल्या होत्या.

आई स्वयंपाक करताना चव घेत नाही. उष्टं होतं म्हणून. सगळा अंदाज रंगावर आणि वासावर. तिने भाकरी कुस्करली, त्यावर कढत आमटी घेतली आणि घास खाल्ला. मग पाण्याचा पेला एका दमात संपवला.

"काय जहाल हाय हे. तुम्ही रोज असलं खाता?"

कोणी वर पाहिलं नाही. मीही नाही.

"जोशी, मी तुम्हाला विचारते."

"गरम असताना जरा जास्त लागतं, काकू," जोशी म्हणाले. "आता पंधरा वर्षांत सवय झाली."

"मग आजवर बोलला का न्हाई?"

जोशींनी तलाठ्याकडे पाहिलं. "तुम्ही सारख्या उभ्या. वाढत असताय. उभ्या माणसाला ताटावरून काय सांगायचं?"

बर्मिंगहॅमला कुठे चांगलं जेवायला मिळतं असं मला आता बरेच जण विचारतात. मी त्यांना वरची ठिकाणं सांगतो आणि शेवटी त्या पबचा रस्ता नीट काढून देतो. आईची आमटी हल्ली थोडी सौम्य झाली आहे. कोर्टातल्या दोघांची तक्रार आहे की पहिली गंमत राहिली नाही. आई पंगतीला त्यांच्या शेजारी बसते, जेवता जेवता ऐकून घेते, आणि त्यांच्यापुढे ठेच्याची वाटी सरकवते.