आतल्या दोरीवरच्या घड्या

मार्गशीर्षातली थंडी सकाळचे सात वाजले तरी हलायला तयार नव्हती. सातपूरहून सुटलेल्या बसच्या काचा आतून घामेजल्या होत्या. नवसाबाईनं पदराच्या टोकानं काचेवर वाटीएवढी जागा पुसली, इंदिरानगरचा थांबा आला का बघितलं आणि पिशवी काखेत मारून उतरली. पिशवीत तेलाची बाटली, पितळी वाटी, ओव्याची पुडी, एक मऊ फडकं. सत्तावीस वर्षं बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईला आणखी लागतं काय?

मूळची ती सटाण्याकडची. नवरा कारखान्यात लागला म्हणून सातपूरला आली, पण 'आहे'च्या जागी येणारा अहिराणी 'शे' काही सुटला नाही.

"काय व माय, राणीसरकार जागी शे का?" लताबाईंनी दार उघडताच तिनं विचारलं.

"जागीच आहे. आणि तिची आईही जागीच," लताबाई म्हणाल्या. दीपमाला त्यांची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. चेहऱ्यावरून लताबाई रडकुंडीला आल्या होत्या की चिडल्या होत्या, ते सांगणं अवघड होतं.

आत पलंगावर दीपमाला दीड महिन्याच्या सृष्टीला पाजत बसली होती. बाळ घटाघटा पीत होतं. आईच्या पायांची बोटं मात्र आत वळली होती आणि एका हाताची मूठ चादरीत रुतली होती.

"अजून दुखतंय?"

"टाचण्या टोचतात, मावशी. आणि तिनं सोडलं ना, की मिरची लावल्यासारखी आग. थेट पाठीपर्यंत."

नवसाबाईनं वाकून बघितलं. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी टेकलेली. "पकड तर झकास शे."

"डॉक्टरांनी मलम दिलं होतं ना. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच."

लताबाई दारातून म्हणाल्या, "मी म्हणते, पुरे आता. पावडरचा डबा आणून ठेवलाय. डब्यावर काय पोरं वाढत नाहीत?"

"आई, एवढं दूध येतंय. ती पितेय. आणि मीच तिचं दूध कसं तोडू गं?" दीपमालाचा आवाज चिरकला. मग ती खाली बघत म्हणाली, "आजचा दिवस बघते. नाहीच सोसलं, तर उद्यापासून बाटली."

नवसाबाईनं बाळाला उचललं. मोरीत पाटावर बसून तिनं पाय लांब केले, नडग्यांवर सृष्टीला घेतलं आणि तेल जिरवायला लागली. पाणी अंगावर पडताच बाळानं टाहो फोडला. उघड्या तोंडात जीभ पांढरीशुभ्र दिसली. दुधाची साय, असं म्हणून नेहमीसारखं तिनं ओलं फडकं बोटाला गुंडाळून पुसलं. निघेना. गालाच्या आत तसेच पांढरे ठिपके. एक जरा जोरानं पुसला, तर खाली लालभडक.

तिचा हात थांबला. दूध असतं तर निघालं असतं.

आणि तिला संजनाची आठवण झाली. दोन गल्ल्या सोडून राहणारी. गेल्या हिवाळ्यात तीही अशीच आग आग म्हणायची, तिच्या पोराचं तोंडही असंच पांढरं होतं. "हल्लीच्या पोरी नाजूक, जरा सोसत नाय," असं नवसाबाई तिच्या सासूसमोर म्हणाली होती. दुसऱ्या महिन्यात संजनानं अंगावरचं तोडलं.

बाळाला कोरडं करून तिनं दुपट्यात गुंडाळलं. "लताबाई, आज पुन्हा डॉक्टरकडं जायचं. आणि पोरीलाबी न्यायचं. मागच्या टायमाला नेलं नव्हतं ना?"

"तुम्हीच तर म्हणालात, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळानं उंबरठा ओलांडायचा नाही!"

"म्हणले होते. आता झाला ना सव्वा महिना. मीबी येते."

"आणि तुमची बाकीची घरं?"

"एक दिवस तेल नाय लागलं तर बाळं सुकून जात नाहीत."

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सृष्टीच्या तोंडात टॉर्च मारला, मग दीपमालाला पडद्याआड तपासलं. "ही बुरशी आहे," हात धुता धुता त्या म्हणाल्या. "बाळाच्या तोंडात आणि तुमच्या छातीवरही. मागच्या वेळी मी फक्त तुम्हालाच औषध दिलं. तुम्ही बऱ्या होत आलात की ही तुम्हाला परत देणार, तुम्ही हिला. आता दोघींना एकदमच. हिच्या तोंडात थेंब, तुम्हाला मलम. बरं वाटलं तरी मी सांगेपर्यंत थांबवायचं नाही."

"आणि पाजणं?" दीपमालानं श्वास रोखून विचारलं.

"पाजा की! बंद कशाला करायचं?"

दीपमाला एकदम रडायलाच लागली. लताबाईंनी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

"दूध पाझरतं तेव्हा आत काय ठेवता?" डॉक्टरांनी विचारलं.

दीपमालानं पिशवीतली घडी काढून दिली. नवसाबाईनंच दिलेली, जुन्या लुगड्याची. डॉक्टरांनी ती बोटांनी चाचपली. "ही धुतलेली ना? मग ओलसर कशी? वाळत कुठं घालता?"

"आत. पलंगामागं दोरी बांधलीय."

"गॅलरीत ऊन येत नाही?"

"येतं."

लताबाईंनी नवसाबाईकडं बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. गप्प बसूनही भागलं असतं. पण नवसाबाई उठून उभी राहिली.

"मी सांगितलं. आईचं दूध लागलेलं कापड उघड्यावर टाकलं की नजर लागून दूध आटतं, असं माझी माय म्हणायची. सत्तावीस वर्षं दारोदार हेच सांगत आले."

डॉक्टर हसल्या नाहीत. "दूध नाही आटत, मावशी. पण ओल राहिली की बुरशीचं फावतं. घड्या गरम पाण्यात धुवायच्या, कडक उन्हात वाळवायच्या, ओली झाली की लगेच बदलायची. आणि तुम्ही अशी बरीच घरं करता ना? तोंड पुसायचं फडकं प्रत्येक घराचं वेगळं?"

"एकच शे," नवसाबाई खालच्या आवाजात म्हणाली.

"मग आजपासून वेगळं. खरं तर पुसायचंच नाही. आणि प्रत्येक बाळाआधी साबणानं हात."

परतताना ती संजनाच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरली. संजना फाटकात उभी राहून पोराला वरणभात भरवत होती.

"संजना, तुला मी नाजूक म्हणले होते. तुझं दुखणं खरं होतं. चूक माझी होती." आणि तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

संजनानं हातातला घास परत वाटीत ठेवला. मग म्हणाली, "मावशी, वर्षभर मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

नवसाबाईनं वाकून पोराच्या गालावरचं शीत काढलं.

"सासूबाई आत आहेत," संजना म्हणाली. "त्यांच्यासमोर नाजूक म्हणालात ना? आता हेही त्यांच्यासमोरच सांगा."

नवसाबाईनं चप्पल काढली आणि आत गेली.

दहा दिवसांनी सृष्टीची जीभ गुलाबी दिसायला लागली. दीपमाला पाजताना आता मोबाइल बघायची, पायांची बोटं मोकळी. थेंब आणि मलम अजून चालूच होते. पावडरचा डबा लताबाई न उघडताच दुकानात परत देऊन आल्या होत्या. "वाण्यानं दहा प्रश्न विचारले मेल्यानं," असं त्या कुरकुरत होत्या, पण खुशीत.

नवसाबाईनं उकळत्या पाण्यातून काढलेल्या घड्या पिळल्या आणि गॅलरीत आली. समोरच्या इमारतीवरून ऊन नुकतंच कठड्यावर उतरलं होतं. सवयीनं तिनं एकदा इकडंतिकडं बघितलं, कुणी बघतंय का. समोरच्या खिडकीतली बाई बघतच होती.

"बघ माय, बघ," ती पुटपुटली, आणि एकेक घडी झटकून, पसरून तिनं दोरीवर चिमट्यात अडकवली. सगळ्या झाल्यावर हात साबणानं धुतले, वाटीत तेल ओतलं आणि गरम करायला गॅसकडं वळली.