ऑपरेटरबाईंची तिकिटं

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढून ऑपरेटरबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. बाईंनी लाखो माणसं एकमेकांशी जोडून दिली, असं साहेब भाषणात म्हणाले. खरंच होतं ते. त्या लाखांतलं एकही माणूस पुढे बाईंच्या घरी फिरकलं नाही, पण हा भाग भाषणात बसण्यासारखा नव्हता.

बाईंची ख्याती एका गोष्टीसाठी होती. दोघांची लाईन जोडली की ऑपरेटरने आपला कान काढून घ्यायचा, असा नियम. बाकीच्या जणी 'आवाज नीट येतोय ना' एवढं बघण्याच्या निमित्ताने लग्नं ठरताना आणि मोडताना ऐकत. बाईंनी कधी ऐकलं नाही. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसे, आणि त्यांच्या शेजारी फारसं कुणी बसतही नसे.

शेजारच्या घरात एक नर्स आणि तिची पाचवीतली मुलगी राहायची. मुलीचं नाव वेगळं होतं, पण सगळे तिला भिंगरी म्हणत, आणि ते पाच मिनिटांत पटायचं. एक दिवस नर्स दारात उभी राहिली.

"बाई, शाळेतून आली की माझी ड्यूटी सुटेपर्यंत हिला तुमच्याकडे बसवू का? एकटी असली की वही उघडते आणि पंख्याची पाती मोजते."

"तीनच असतात ना?"

"तेच म्हणते मी! महिनाभर बघू. सहाच्या आत गृहपाठ होत असेल तर ठीक. नाहीतर क्लासला घालते."

बाईंनी तयारी केली. टिकटिक नको म्हणून सत्काराचं घड्याळ स्वयंपाकघरात नेलं, टेबल खिडकीपासून हलवलं, भिंगरीचं बेडकाच्या आकाराचं शार्पनर जप्त केलं. खोलीत चित्त विचलित करील असं काहीच उरलं नाही. तशी ती खोली आधीपासूनच त्या बाबतीत स्वयंपूर्ण होती.

"बाई, मुंग्या झोपतात का?"

"आधी भागाकार."

"तोवर त्या उठल्या तर?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी कपाटातून एक गठ्ठा काढला. ट्रंक कॉलची, म्हणजे परगावचे फोन नोंदवायची, कोरी तिकिटं. एक्स्चेंजमध्ये नवी यंत्रं आली तेव्हा रद्दीत निघालेली.

"आमच्याकडे एका वेळी वीस जणांचे कॉल यायचे. लाईन एकच. मग काय करायचं?"

"एकोणीस जणांचे कट करायचे."

"कट नाही करायचं गं कुणाला. तिकीट घ्यायचं. वेळ लिहायची, कोणाचा कॉल ते लिहायचं आणि सांगायचं, लाईन बिझी आहे, थांबा. मोकळी झाली की क्रमाने जोडून द्यायचे. तुझ्या डोक्यात मुंगी आली, लिही तिकीट. अभ्यास संपला की आपण मुंगीला जोडू."

भिंगरीला हे एकदम पटलं. चार वाजून पाच, मुंग्या. चार अकरा, खालचा कुत्रा कोणावर भुंकतोय. गृहपाठ संपला की दोघी तिकिटं क्रमाने घेत आणि एकेका कॉलचा निकाल लावत. दिवसातली ही वीस मिनिटं बाईंना सकाळपासून पुरत.

तरी गृहपाठाला सव्वासहा, साडेसहा वाजत. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी नर्स म्हणाली, "क्लासच्या सरांशी बोलून ठेवलंय मी. अजून एक आठवडा बघते." ती गेल्यावर बाईंना जेवण गेलं नाही.

सोमवारी भिंगरीची कंपासपेटी खाली पडली आणि आतून तिकिटांचा पुडका निघाला.

"ही कसली लपवलीस?"

"ती नाही जोडायची. ती असू देत."

"तिकीट लिहिलं की कॉल जोडायचाच. वाच."

भिंगरीने घसा साफ केला. "चार बारा, बाई, पाणी हवं का. चार वीस, बाई, दिवा लावू का. चार सव्वीस, बाई, बाईंच्या ऑफिसातली गोष्ट. चार एकेचाळीस, बाई, पुन्हा पाणी..."

"अगं, हे सगळं मीच?"

"तुम्हीच म्हणालात, कोणाचा कॉल ते लिहायचं."

त्या दिवसाची, ही धरून, अकरा तिकिटं होती. सात बाईंची निघाली. एकतीस वर्षं कुणाच्या लाईनीत न थांबलेली बाई तीन आठवडे एका दहा वर्षांच्या मुलीच्या लाईनीत ठाण मांडून बसली होती. आता बोलावं तर पोरगी क्लासला जाणार, गप्प बसावं तर अभ्यास आटपून घरी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. बाईंनी रात्रभर विचार वगैरे केला नाही. नियम ठाऊक होता.

मंगळवारी त्या साडीचा फॉल शिवत बसल्या आणि तोंडातून ब्र काढला नाही. पाच वाजून पाच मिनिटांनी गृहपाठ संपला. तिकीट एकच होतं: चार पन्नास, बाई, आज बोलत का नाहीत.

"तुझी लाईन चालू होती ना," बाई म्हणाल्या.

"मग आता मी खाली खेळायला जाऊ?"

"जा की."

बुधवारी पाचला. गुरुवारी पाचला पाच मिनिटं कमी. शनिवारी नर्स आली ती हसतच.

"काय जादू केलीत बाई! आता तिचं तिला जमतंय. क्लास नको, की तुम्हाला त्रास नको. सोमवारपासून घरीच बसेल ती."

"त्रास कसला," बाई म्हणाल्या. नर्सला ते बोलायची रीत म्हणून ऐकू आलं.

"बाई, मी तिकिटं नेऊ?" भिंगरीने विचारलं.

"ने. अर्धी ने."

सोमवारी चारला भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काही नाही. बाईंनी भिंतीला कान लावला नाही. टेबल पुन्हा खिडकीशी नेलं, घड्याळ जागेवर टांगलं आणि बसल्या. चार बाराला त्यांनी एक तिकीट ओढलं, वेळ घातली आणि लिहिलं: पाणी हवं का. चार वीसला दुसरं.

पाचला जिन्यावरून पावलं धडधडत खाली गेली. तोवर नऊ तिकिटं झाली होती. दिवसअखेर न जुळलेले कॉल एकतर रद्द करायचे, नाहीतर पुढच्या दिवसावर टाकायचे, असा एक्स्चेंजचा नियम होता. रद्द करणं बाईंना पहिल्यापासून आवडत नसे. त्यांनी तिकिटं क्रमाने लावली आणि नऊच्या नऊ तिकिटांवर उद्याची तारीख घातली.