अन्या कन्याकुमारीला पोचतोय, अन् मी शुभेच्छुक

म्हणजे मी घर सोडलं तर पोटासाठी, अन् अन्यानं सोडलं तर मोहीम, व्हय?

गारखेड्याच्या पोरांनो, सहा वर्षांमागं मी पण असाच लांब आलो, तमिळनाडूत तिरुपूरच्या कापड कारखान्यात. स्टेशनवर सोडायला कुणी आलं नाय. माझा धाकटा भाऊ अन्या काश्मीरहून सायकलवर निघाला, आता कन्याकुमारी दोन दिवसांवर आली, तर तुम्ही चौकात त्याचा फ्लेक्स लावताय. वर मलाच म्हणता, "भाऊ, शुभेच्छुकांच्या रांगेत टाकायला तुझा फोटो पाठव." मी नाय म्हणलो.

दुपारी अन्याचा फोन आला. मदुराईजवळ टायर फाटलंय, खिशात पैसे नायत. "दादा, आईला सांगू नको."

खरं सांगतो, वाटलं, बसू दे तिथंच. सख्ख्या भावावर तुम्ही कधी असं जळलात का?

टायर अन् जेवणाचे मिळून अडीच हजार पाठवतोय.