रुचिताच्या घटस्फोटाचे स्कोन

दत्ताराम पाटील मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या बेकरीत एकतीस वर्षं राबले. पेणकरपाड्यात त्यांच्या घराण्याची भातशेती होती, मिठागर होतं. त्या घरातला मुलगा मैदा मळायला जातो, हे थोरले भाऊ शिवदास यांना कधीच पटलं नाही. निवृत्तीनंतर दत्ताराम बायको आशासोबत तिथून जवळच शांती नगरमधल्या एका इमारतीत राहत होते. घरी त्यांनी कधी साधा केकही केला नव्हता.

मग मुलगी रुचिता सासर सोडून आली. नवरा हात उचलायचा. दोन वर्षं कोर्टाच्या तारखा चालल्या. ती ऑफिसला जायची तेवढीच, बाकी खोलीचं दार बंद. मार्चमध्ये घटस्फोट मंजूर झाला तेव्हा आशा म्हणाली, आता कुणाकडे बोलू नका. दुसऱ्याच दिवशी दत्ताराम ओव्हन घेऊन आले.

रविवारी सकाळी त्यांनी स्कोन करायला घेतले. बिस्किट आणि पाव यांच्या मधला हा प्रकार. मधोमध फोडून लोणी-जॅम लावून खायचा. हॉटेलातून तोच आणा म्हणून रुचिता लहानपणी हट्ट धरायची. उकाड्यात बटर बोटांतच वितळलं आणि पहिली खेप चपटी निघाली. त्यांनी मैद्यासकट परात फ्रिजमध्ये ठेवली आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरुवात केली. दुसरी खेप छान फुगली.

दत्ताराम घटस्फोटाचे म्हणून हे शेजारीपाजारी वाटणार, असं आशाने फोन करून सांगितलं होतं, म्हणून शिवदास आले.

"दत्ता, ही काय वाटायची गोष्ट हाय?"

"लग्नाचे पेढे तू वाटलेस, दादा. ते वाटायला नको होते. हे मी वाटणार."

शिवदास चहा न घेता गेले. आतून सगळं ऐकणारी रुचिता बाहेर आली, तिने ट्रे उचलला. दत्ताराम मागोमाग निघाले.

समोरच्या दारातल्या शाहबेननी विचारलं, "किस खुशी में?"

दत्ताराम बोलणार इतक्यात रुचिताच म्हणाली, "मेरा डिवोर्स हो गया. उसी का है."

अंडं नाही ना, एवढंच विचारून शाहबेननी दोन घेतले.

संध्याकाळी दत्ताराम डबा घेऊन पेणकरपाड्यात शिवदासांच्या घरी गेले. शिवदासांनी मान वर केली नाही. वहिनीने हे कशाचं म्हणून हळूच विचारलं, तेव्हा दत्तारामांनी अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.