कुत्र्याच्या मापावरची शीग

पंचवीस वर्षं पशुखाद्याच्या दुकानात बसलेल्या माणसाला कुत्र्याचं खाणं निवडायला कुणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. हे मत साधारण सात महिने टिकलं. तेवढ्या काळात कुत्रा पाच किलोंनी वाढला.

दुकान जिंतूरला, रस्त्याच्या कडेला, तीन पायऱ्या चढून. सरकीची ढेप, तुरीची चुनी, मक्याचा भरडा, कोंबड्यांसाठी कणी. गोणी नेणाऱ्याला काटा, आणि शेळी-कोंबड्यांपुरतं सुटं नेणाऱ्याला मापटं. मापटं भरायचं ते शीग लावून, म्हणजे काठाच्या वर टोकदार ढीग उभा राहीपर्यंत. तो ढीग घरंगळायच्या बेतात आला की वरून आणखी चिमूटभर. वडिलांनी गल्ल्यावर बसवताना मला एवढंच शिकवलं होतं, "काठाबरोबर माप दिलंस तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पायरी चढणार न्हाई." तालुक्यात माझी जी काही कीर्ती आहे ती या शिगेची. रूप, अक्कल आणि वक्तृत्व या बाबतीत लोकांनी आजवर सौजन्यानं मौन पाळलेलं आहे.

कुत्रा लेकीचा. लॅब्रॅडोर. तिनं हट्टानं आणला, वर्षभर त्याचे लाड केले आणि मग शिकायला पुण्याला निघून गेली. जाताना आम्हाला एक कुत्रा आणि सूचनांचा एक कागद देऊन गेली. कागद कुत्र्यानं खाल्ला. त्याची नसबंदी झालेली होती आणि अशी कुत्री अंगानं पटकन सुटतात, असं त्या कागदावर म्हणे लिहिलं होतं.

रोज सकाळी तो माझ्याबरोबर दुकानात यायचा. तीन पायऱ्या एका उडीत चढायचा आणि काट्याशेजारी बसायचा, जसं काही दुकान त्याचं आणि मी पगारी. संक्रांतीच्या सुमारास एके दिवशी तो दुसऱ्या पायरीवर थांबला. माझ्याकडे बघितलं. मग मागचे पाय ओढत तिसरी चढला. मी त्याला गोण्यांच्या काट्यावर उभं केलं. छत्तीस किलो.

परभणीला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत, माझ्या लेकीहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या. त्यांनी मागचे पाय वाकवून पाहिले, बरगड्या चाचपल्या. म्हणजे बरगड्या शोधल्या.

"काका, याला तीस किलोवर आणायचंय. खुब्याचे सांधे दमायलेत. असाच वाढत गेला तर याचं मागचं अंग बसेल, मग तुमाला हा उचलून फिरवावा लागेल. घरचं खाणं बंद. कोरडं खाणं, वजनावर ताबा ठेवणारं, ते पण मोजून."

हे लेकीला फोनवर सांगितलं. ती रडायलाच लागली. "पप्पा, मी दिवाळीला येईन तेव्हा तो दारात उठून आला पाहिजे. बस्स, एवढंच."

"मी खाद्याच्या धंद्यात आहे," मी म्हणालो. हे वाक्य पुढं सात महिने घरात माझ्याच आवाजात मला ऐकवण्यात आलं.

आता खाद्य कसं निवडावं हे मला काय सांगायचं? ढेप घेताना मी तुकडा मोडतो, हुंगतो, दाताखाली धरतो, पाण्यात टाकून बघतो. वाळू तळाशी बसली की व्यापाऱ्याला परत. आणि पेंडीत तेलाचा अंश जितका जास्त तितकी म्हैस दुधाला दाट, हे तर आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. परभणीच्या दुकानात मी कुत्र्याच्या खाण्याच्या नऊ पिशव्या ओळीनं मांडून घेतल्या. मागच्या बाजूला स्निग्धांश लिहिलेला असतो. सर्वांत जास्त आकडा कुणाचा ते बघितलं आणि ती पिशवी उचलली. वर एक कुत्रा हवेत उडी मारताना छापला होता. आणखी काय पुरावा पाहिजे? घरी येऊन एक गोळी चावून बघितली. खमंग होती. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

"कशी हाय चव?" तिनं विचारलं.

"दम आहे मालात."

"मग दोन वाट्या काढू का? संध्याकाळचा स्वयंपाक तरी वाचंल."

तीन महिन्यांत कुत्र्याच्या अंगावर अशी तकाकी आली की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. मी धन्य झालो. काट्यावर उभा केला तर एकोणचाळीस. आता तो दोनच पायऱ्या चढायचा आणि तिसरीवर हनुवटी टेकून बसायचा, निम्मा रस्त्यात, निम्मा दुकानात.

लेकीनं व्हिडिओ कॉल केला. "पिशवीची मागची बाजू दाखवा. जवळ धरा. पप्पा, हे दिवसभर पळणाऱ्या, कामाच्या कुत्र्यांचं खाणं आहे!"

"आपलाही रोज कामाला येतोच की माझ्याबरोबर."

"तो बसतो, पप्पा. तुमच्यासारखा."

तिनं मग मला शिकवणी दिली. घटकांच्या यादीत पहिलं नाव मांसाचं पाहिजे, नुसतं धान्य नको. स्निग्धांश कमी, प्रथिनं भरपूर आणि चोथा जास्त, म्हणजे पोट भरल्यासारखं वाटतं. उष्मांक किती ते बारीक अक्षरात असतं, ते बघायचं. आणि रोजचं माप ठरवायचं ते आजच्या वजनावर नाही, जे वजन पाहिजे त्याच्यावर. मी हे सगळं पावतीपुस्तकाच्या पाठीमागे लिहून घेतलं. पंचवीस वर्षं अनुभव असलेल्या माणसाच्या तोंडचा तो मऊ "हो, हो" ऐकून बायकोनं पदर तोंडाला लावला.

दुसरी पिशवी मी चष्मा लावून आणली. उडी मारणारा कुत्रा नाही, प्रथिनं बघितली, चोथा बघितला, उष्मांकाचा आकडा दोनदा वाचला. दुकानदार म्हणाला, "काका, परीक्षा हाय का?" जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठ दिवसांत बदललं, पोट बिघडू नये म्हणून. पिशवीबरोबर प्लॅस्टिकचा पेला होता, त्याच्यावर माप आखलेलं. सकाळी एक, संध्याकाळी एक. डॉक्टरीणबाईंनी फोनवर हो म्हटलं. आता चूक व्हायला जागाच नव्हती.

जून संपता संपता कुत्रा एक्केचाळीस.

तो आता खालीच बसायला लागला. पहिल्या पायरीपाशी जायचा, पुढचे पंजे वर ठेवायचा, मागचं अंग उचलून बघायचा आणि पुन्हा बसायचा. माझ्याकडे बघायचा नाही, हे त्यातलं जास्त वाईट. गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून वर यायची.

तेव्हा मी तपास सुरू केला. आमच्या घरात शेवटची भाकरी कुत्र्याची, हा आईचा रिवाज. ऐंशीच्या घरातली आई, डॉक्टरीणबाईंनी ती भाकरी बंद केल्यापासून माझ्याशी तुटक बोलत होती. संशय सरळ तिच्यावर.

"आई, खरं सांग. भाकरी टाकतीस ना?"

"देवाची आण. येक तुकडा न्हाई. मुक्या जिवाला मोजून घालायलास, त्याचं पाप तुझं तुला."

मग बायको. "मी? मला तुमच्या दोघांचं खाणं झालं की उभं राहायला वेळ न्हाई, अन् त्याला काय भरवू?" मग शेजारच्या वहिनी. त्यांनी रागानं त्या दिवसापासून फाटकाला आतून कडी लावली. शेवटी मी पिशवीच दुकानात नेऊन ठेवली. फक्त माझा हात, माझं माप. घरातल्या तीन बायकांवर, शेजारच्या धरून, माझा काडीचा विश्वास नाही, हे मी जेवताना जाहीर केलं. तरी कुत्र्याचं वजन उतरलं नाही. म्हणजे पिशवीतच खोट, असं मी ठरवलं आणि कुत्रा, पिशवी आणि बायकोला घेऊन तो माल तपासून घ्यायला परभणीला निघालो.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी उलटसुलट बघितली. "खाणं बरोबर हाय, काका. एकदम बरोबर निवडलंय." मी बायकोकडे बघितलं. "आता पेला घ्या अन् मला रोजच्यासारखं घालून दाखवा."

मी पेला पिशवीत खुपसला, एका झटक्यात वर काढला, मनगटाला हलका हिसका दिला. गोळ्या ठसठशीत बसल्या, वर सुरेख टोक उभं राहिलं. मग डाव्या हातानं त्या टोकावर एक चिमूट. सवयीनं ती चिमूट मी मूठभर घेतो.

कुत्र्यानं शेपूट आपटली.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरची पट्टी घेतली आणि पेल्याच्या काठावरून सपकन फिरवली. शीग खाली पडली. ती त्यांनी छोट्या काट्यावर ठेवली. मग पेला. मग माझ्याकडे बघितलं. शीग पेल्याच्या निम्मी भरली होती.

"दोन वेळा घालताय, काका. म्हणजे हा रोज तीन पेले खातोय. अन् खोट पिशवीत शोधायलात तुमी."

बायकोला हसू फुटलं ते दवाखान्याच्या बाहेर येईपर्यंत थांबलं नाही. परतीच्या रस्त्यावर बोरी गाव आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी खाद्याच्या धंद्यात आहे."

रात्रीच्या जेवणाला आईनं माझ्या ताटात भात वाढला. वाढून झाल्यावर पळीच्या दांड्यानं त्याचा माथा सपाट केला. "बघ," ती म्हणाली, "काठाबरोबर."

मी तिची माफी मागितली. शेजारच्या वहिनींची मागायला बायकोनं पाठवलं. त्यांनी कडी काढली आणि मला एक भाकरी दिली, "त्याला न्हाई, तुमाला."

लेकीच्या जुन्या कंपास पेटीतली पट्टी आता पेल्यात खोचलेली असते. पहिले पंधरा दिवस माझा हात पट्टी फिरवायला तयार होईना. काठावरून गोळ्या ढकलताना मला वडील आठवायचे. कुत्रा भांडं चाटून माझ्याकडे असा बघायचा की जणू एखादं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात निघालंय. मी तोंड फिरवायचो. ऑगस्टात चाळीस. दसऱ्याला सदतीस. दिवाळीच्या आठवड्यात साडेपस्तीस, म्हणजे जिथून मी माझा अनुभव वापरायला सुरुवात केली होती तिथून अर्धा किलो खाली. एवढं यश मिळायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

लेक आली तेव्हा तो फाटकापर्यंत उठून गेला. पळाला नाही, पण गेला. ती जमिनीवर बसून त्याच्या बरगड्या मोजत राहिली. दोन सापडल्या.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. कुत्रा अजून खालीच बसायचा. पायरी त्यानं सोडून दिली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की त्याला ओढू नका, त्याच्या मनानं चढू द्या. तेवढ्यात एक म्हातारी आली, तिला शेळीसाठी मापटंभर चुनी हवी होती. मी मापटं भरलं, आणि हात आपोआप पट्टीकडे गेला. काठावरून सपकन.

म्हातारीनं मापट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय मालक, सणाला हात आखडला व्हय? तुमच्या बापाच्या दुकानातच हाव ना आपण?"

लेक हसली. माझे कान तापले. मी मापटं पुन्हा भरलं, शीग लावली, वर चिमूट, त्याच्यावर आणखी एक. वरच्या पायरीवरच तिच्या पदरात ओतताना ती शीग घरंगळली आणि चुनी तिन्ही पायऱ्यांवर सांडली.

कुत्र्यानं नाक वर केलं. पुढचे पंजे पहिल्या पायरीवर आले. मागचं अंग हललं, थरथरलं आणि वर आलं. त्यानं पहिली पायरी चाटून साफ केली. मग दुसरी. तिसरीपाशी थांबला, आणि आम्ही तिघंही, म्हातारीसुद्धा, श्वास रोखून उभे. मग तो चढला, काट्याशेजारी येऊन बसला, मिशांना चुनी लागलेली.

लेकीनं डोळे पुसले आणि पट्टी माझ्यापुढं धरली. "पप्पा, ही सांडलेली मापात धरणार ना?"

संध्याकाळच्या पेल्यातून मी ती वजा केली. पुरी नाही.