पाना न लागलेली गाडी

आमच्या गाडीला दोन माणसं लागत. एक चालवायला आणि एक दुसरा गिअर धरून ठेवायला. दुसरा गिअर पडायचा व्यवस्थित, पण चढ लागला किंवा पाय जरा उचलला की दांडा खट्ट करून आपोआप न्यूट्रलला यायचा. मग इंजिन नुसतंच बोंबलायचं आणि मागचे रिक्षावाले आमच्या सात पिढ्यांची चौकशी करायचे. यावर माझ्या नवऱ्याने शोधून काढलेला उपाय म्हणजे मी. मी डावीकडच्या सीटवर बसायचे. त्याने "हं" म्हटलं की उजव्या हाताने दांडा मागे दाबून धरायचा आणि "सोड" म्हटलं की सोडायचा. या दोन शब्दांपलीकडे आम्ही गाडीत फारसं बोलत नसू.

गाडी पांढरी, लहान, चार दारांची. बाजार नुकता खुला होत होता तेव्हा घेतलेली, आमच्या सोसायटीतली पहिली. ती आली त्या दिवशी शेजाऱ्यांनी पेढे मागितले होते. पुढे दहा-बारा वर्षांत सोसायटीत नव्या गाड्यांची रांग लागली. ज्या सॉफ्टवेअर कंपनीत मी हिशेब बघत होते, तिथल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुली हप्त्यावर गाड्या घेऊन टाकत. "मॅडम, एक्स्चेंज करून टाका ना, इतकं इझी आहे," असं मला सांगत. मी घरी येऊन सांगितलं की नवरा म्हणे, "त्या गाड्या? पत्र्याचे डबे. आपल्या गाडीला आजतागायत पाना लागलेला नाही."

पाना लागलेला नाही! हे वाक्य आमच्या घरात देवाच्या नावासारखं घेतलं जायचं. इंजिन कंपनीने बसवलं तसं, गिअरबॉक्स कंपनीने बसवला तसा. एकदा उघडलं की ते पुन्हा तसं बसत नाही, अशी त्याची श्रद्धा होती, आणि ती एकट्याचीच नव्हती. गाडी विकणारे आणि घेणारे सगळेच तेव्हा असं बोलत, लग्नाच्या बाजारात मुलीविषयी बोलावं तसं. नवरा चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजून नापास करायचा आणि घरी आला की स्वतःच्या गाडीला सगळ्या विषयांत पास करून झोपायचा.

माझी अडचण गाडीची नव्हती, आईची होती. कात्रजचा घाट ओलांडून शिवापूरच्या अलीकडे आमचं गाव. वडील गेल्यावर आई तिथे एकटीच राहायची. तिचे गुडघे गेले होते. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती, म्हणजे पुण्यातल्या डॉक्टरकडे आणायचं तर गाडीनेच. पण गाडी म्हणजे जावई. आणि जावयाला कामाला लावायचं नाही, त्याच्यासमोर पाय धरून कण्हायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. आम्ही दोघं गेलो की ती गुडघे ठणठणीत असल्यासारखी चुलीपुढे उभी. पुरणपोळी, कटाची आमटी, वर भजी. "आई, दुखतंय का?" विचारलं की माझ्याकडे डोळे वटारून जावयाला म्हणायची, "छे हो, कुठं काय, घ्या अजून एक." आम्ही निघालो की मग दोन दिवस अंथरुणात. हे मला शेजारच्या काकूंकडून कळायचं. अवघड जागचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. आमच्याकडे दुखणं साध्या जागेचं होतं, तरी हे हाल.

एकदा ती मला मागच्या अंगणात हळूच म्हणाली, "तू एकटी ये की. मग जाऊ डॉक्टरकडं."

म्हणून मी गाडी शिकले. स्वारगेटजवळच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये, पहाटेच्या बॅचला, कॉलेजच्या पोरांमध्ये बसून. लायसन मिळाल्यावर पहिल्याच रविवारी, नवरा दाढी करत असताना, किल्ली घेऊन निघाले. कात्रजच्या डेअरीपर्यंत झकास गेले. पुढे घाटाचा चढ सुरू झाला, दुसरा टाकला आणि खट्ट. पुन्हा टाकला, पुन्हा खट्ट. डाव्या हाताने दांडा धरला तर एका हाताने ते जड स्टिअरिंग वळेना. पहिल्यात चढवली तर गाडी तापायला लागली. मागे एक एसटी उभी राहून भोंगा वाजवत होती, आणि तिच्या खिडक्यांतून लोक माना बाहेर काढून बघत होते. मी कशीबशी गाडी वळवून घरी आणली. जिन्यातच रडू फुटलं. रागाचं रडू, दुसरं काही नाही.

"मी सांगितलं असतं ना," नवरा म्हणाला. "ती एकट्याने चालवायची गाडीच नाही."

"मग दुरुस्त करा."

"बघू."

हे बघणं कित्येक महिने चाललं. दर शनिवारी एक नवा गॅरेजवाला. पहिल्याने सांगितलं, आतली दुसऱ्या गिअरची चाकं झिजली आहेत. दुसरा म्हणाला, चाकं नाहीत, गिअरबॉक्स ज्या रबरावर बसतो ते गेलंय. तिसऱ्याने ऑइल बदलून द्यायची तयारी दाखवली. नवरा प्रत्येक वेळी अगदी खुशीत परत यायचा. तिघांची तीन मतं म्हणजे निर्णय घ्यायची गरजच नाही. "तीन डॉक्टरांचं एकमत होत नाही तोवर कोणी पोट फाडतं का?" असं मलाच विचारायचा.

एकदा मीही गेले. सहकारनगरमधला गॅरेजवाला होता, चष्मा कपाळावर. त्याने चक्कर मारून आणली आणि म्हणाला, "उघडून बघावा लागेल."

"न उघडता सांगा," नवरा म्हणाला.

"न उघडता सांगणारे ज्योतिषी बुधवार पेठेत बसतात. सोबत पत्रिका न्या गाडीची."

मला हसू आलं. नवऱ्याला नाही आलं. परत येताना त्याने सातारा रस्त्यावर "हं" म्हटलं आणि मी मुद्दाम हात पुढे केला नाही. गाडी चौकात बंद पडली. त्याने स्वतःच दांडा धरून ती घरी आणली आणि जेवणाच्या वेळी गंभीरपणे म्हणाला, "चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस." मी ताट सरकवून उठले. चालतोय कुठे गाडा? एका बाजूला आई पोळ्या लाटून लाटून पायाने अधू होत चालली आहे, दुसऱ्या बाजूला मी लायसन पर्समध्ये घालून डावीकडे बसते आहे, आणि हा माणूस गिअरबॉक्सच्या शीलरक्षणाला बसलाय. मला त्याचा अक्षरशः संताप यायचा.

शेवटी त्याने एक निर्णय घेतला. गाडी विकायची. दुरुस्त न करता, 'पाना न लागलेली' म्हणून. नवी कधी घ्यायची यावर पुन्हा "बघू" हेच उत्तर होतं. म्हणजे माझं जाणं आणखी लांबलं.

गिऱ्हाईक आलं ते कात्रजपलीकडच्या, नुकत्याच शहरात सामील झालेल्या गावातलं. पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ, सोबत त्यांच्या मंडळी. थोडी जमीन बिल्डरला दिली होती, लेकीच्या लग्नाआधी दारात गाडी हवी होती. माणसं सरळ होती. गृहस्थांनी बॉनेट उघडून बघितलं, टायरला लाथ मारली आणि म्हणाले, "घाटानं चढवून बघू. आमाला रोज त्योच रस्ता हाय."

ते चालवायला बसले. नवरा माझ्या जागेवर, त्यांच्या शेजारी. मी आणि त्या बाई मागे. बाई मला लेकीच्या सासरविषयी सांगत होत्या. चढ लागला. गृहस्थांनी दुसरा टाकला, आणि मी बघितलं, नवऱ्याचा उजवा हात सहज टेकवल्यासारखा दांड्यावर गेला. चेहरा खिडकीबाहेर. बोलणं डोंगरावरच्या नव्या इमारतींविषयी. आणि मनगटाच्या शिरा ताणलेल्या.

गाडी सुरेख चढत होती.

"गिअर लई मऊ हायत की," गृहस्थ म्हणाले.

"पाना लागलेला नाही," नवरा म्हणाला.

त्या बाईंची लेक या गाडीत बसून या घाटातून जाणार होती. त्या बाईंनाही कोणी तरी दांडा धरायला बसवणार होतं. एवढा सगळा विचार मी तेव्हा केला की नाही, सांगता येत नाही. राग मात्र टाळूपर्यंत चढला होता.

"अहो," मी म्हटलं, "हात काढा तिथून."

"कुठून?"

"दांड्यावरून."

त्याने मागे वळून माझ्याकडे असं काही बघितलं की जन्मात विसरणार नाही. पण हात काढला. खट्ट. इंजिन बोंबललं. गृहस्थांनी गाडी कडेला घेतली, दांड्याकडे बघितलं, मग नवऱ्याच्या हाताकडे बघितलं.

"गाडी झ्याक हाय," ते म्हणाले. "पर हात बी बरुबर देताय का?"

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. नवरा उतरून दरीकडे तोंड करून उभा राहिला. परत येताना नवरा चालवायला बसला आणि दांडा मीच धरला.

तिसऱ्या दिवशी तो कामावर न जाता गाडी घेऊन सहकारनगरला गेला. संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक तेलकट, बेचक्याच्या आकाराचा लोखंडी तुकडा घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर दिवा ओढून घेतला, कारखान्यातली मोजपट्टी काढली, दोन्ही टोकं मोजली. दुसऱ्याच्या कामाला लावायचा तो चेहरा पहिल्यांदा स्वतःच्या गाडीला लावला होता.

"चाकं थोडीच झिजलीत," तो म्हणाला. "जास्त हा झिजलाय. आतून गिअर सरकवतो तो. दांडा सतत दाबून धरला की हा घासत राहतो."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण धरून ठेवला म्हणून जास्त बिघडला."

बोलण्यासारखं खूप होतं. इतकी वर्षं मी हात आखडेपर्यंत धरत होते ते हेच बिघडवायला. पण त्याचा चेहरा इतका पडला होता की मी नुसतं म्हटलं, "टेबल पुसून घ्या." त्याने पुसलं.

नाना पेठेतून नवे भाग आले, गणपतीत गॅरेज बंद राहिलं, कसलं तरी एक सील चुकीचं निघालं. अखेर गाडी घरी आली. त्या शनिवारी नवऱ्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि पेपर उघडून बसला. "सावकाश जा" एवढं पेपरच्या आडून म्हणाला.

कात्रजचा चढ. दुसरा. मी हात उचलला आणि स्टिअरिंगवर ठेवला. वळण आलं, गेलं, दुसरं आलं. बोगद्याच्या अंधारात शिरले तेव्हा मी मोठ्याने काहीतरी ओरडले, काय ते आता आठवत नाही. ते ऐकायला कोणी नव्हतं याचाच मला जास्त आनंद झाला.

आई ओट्यावर बसली होती. आधी तिने गाडीच्या दुसऱ्या बाजूला बघितलं, मग मागच्या सीटवर वाकून बघितलं. जावई कुठेच नाही याची खात्री पटल्यावर तिचा चेहरा एकदम सैल झाला आणि ती दोन्ही गुडघे हातांनी दाबून म्हणाली, "लई दुखतंय गं." चूल पेटवली नव्हती. भाकरी दुरडीत झाकून ठेवली होती, ती आम्ही दोघींनी खाल्ली. मग तिने पातळ बदललं, दाराला कुलूप लावलं, आणि माझ्या खांद्याचा आधार घेत गाडीपाशी आली. मी मागचं दार उघडलं, कारण ती नेहमी मागेच बसायची.

"न्हाई," ती म्हणाली. "आज पुढं."

तिला पुढे बसवलं, पाय एकेक करून आत घेतले. तिने पदर खोचला, कंबर सरळ केली, उजव्या हाताची बाही कोपराकडे सारली आणि गिअरच्या दांड्याकडे बोट करून अगदी मन लावून विचारलं, "आता सांग, ह्ये मी कवा धरायचं?"

"काही नाही धरायचं, आई," मी म्हटलं. "नुसतं बस."