पाटीमागची भिंत

गंजलेल्या पाटीपेक्षा लख्ख पाटीचा दिनानाथ सावे यांना अधिक संशय येई. वसई-विरारकडच्या भातगिरण्या आणि बर्फाचे कारखाने यांतील धोक्याच्या पाट्या तपासण्यात त्यांची बारा वर्षे गेली होती. १९९८ साली आगाशीजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात त्यांना अमोनियाची पाटी दिसली. वायूची गळती झाल्यास कोणत्या दाराने पळायचे, हे तिच्यावरचा बाण दाखवीत होता. खाऱ्या वाऱ्यातही ती आरशासारखी चमकत होती. सावे यांनी ती उचलून मागे पाहिले. बराच काळ टांगलेल्या पाटीमागे उमटतो तसा फिकट चौकोन तिथे नव्हता. सगळी भिंत सारखीच कळकट होती.

"शेठ, ही कधीपासून आहे इथं?" त्यांनी कारखान्याच्या मालकाला विचारले.

"तीन वर्षं झाली! सावेसाहेब, तुम्ही देवाकडेसुद्धा दाखला मागाल."

बर्फ फोडणारी मंदा पदराआड हसली. सावे तिच्याकडे वळले. "बाई, वायूची गळती झाली तर कुठून पळाल?"

"ह्या दारानं. रोज इथनंच येते ना मी." तिने दाखवलेल्या दाराची वाट नेमकी अमोनियाच्या यंत्रांच्या खोलीतून जात होती.

मालकाचा चेहरा उतरला. "गंजू नये म्हणून कपाटात जपून ठेवतो हो. तपासणीच्या दिवशी काढतो."

सावे यांनी हातोडी मागवून पाटी स्वतः ठोकली आणि मंदासह सर्व कामगारांना बाणाच्या दिशेने दोनदा चालवत दाराबाहेर नेले.

"आता पुन्हा कधी येणार?" मालकाने विचारले.

"येईन," तारीख न सांगता सावे म्हणाले.